तीन अंक, तीन ट्रिस्टन

नाटकाची तिसरी घंटा झाली, दिवे मंद झाले आणि पडदा वर जाण्याऐवजी पडद्याच्या फटीतून कुणी साध्या कपड्यातला माणूस पुढे आला, तर आपल्या पोटात गोळा येतो. तो अजून काही बोललेला नसतो. पण इतकी वर्षं नाटकं पाहून आपल्याला एवढं कळलेलं असतं की चांगली बातमी सांगायला या वेळी कुणी येत नाही.

28 डिसेंबर 1959 च्या रात्री न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात असंच झालं. मेट्रोपॉलिटन म्हणजे ब्रॉडवे आणि 39व्या रस्त्यावरची जुनी इमारत. लिंकन सेंटरमधली आजची वास्तू 1966 सालची, तिचा इथे संबंध नाही. प्रयोग होता वाग्नरच्या 'ट्रिस्टन आणि इझोल्ड'चा. पडद्यापुढे आले ते संस्थेचे सर्वाधिकारी रुडॉल्फ बिंग, आणि त्यांना पाहताच सबंध नाट्यगृह कण्हलं. लोकांना वाटलं, निल्सनबाई गाणार नाहीत.

हे कण्हणं समजायला दहा दिवस मागे जावं लागेल. 18 डिसेंबरला बिर्गिट निल्सन ही स्वीडिश गायिका मेटमध्ये पहिल्यांदाच उभी राहिली होती. भूमिका इझोल्डची, कंडक्टर कार्ल ब्योम. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. ऑपेराची बातमी पहिल्या पानावर! त्यानंतर तिकिटांसाठी काय झुंबड उडाली असेल ते वेगळं सांगायला नको. तेव्हा 28 तारखेला आलेली माणसं ऑपेरा बघायला आली होती हे खरं, पण त्याहून अधिक ती निल्सनला ऐकायला आली होती.

बिंग यांनी आधी सांगितलं की निल्सनबाई ठणठणीत आहेत. सुटकेचा निःश्वास. मग सांगितलं की ट्रिस्टनच्या बाबतीत मात्र आपलं नशीब तितकंसं बरं नाही. संस्थेकडे तीन नामांकित ट्रिस्टन आहेत आणि तिघेही आजारी आहेत. तरी तुमची निराशा होऊ नये म्हणून तिघांनीही डॉक्टरांचा सल्ला मोडून एकेक अंक गायचं कबूल केलं आहे. आणि नशिबाने, बिंग पुढे म्हणाले, या ऑपेराला अंक तीनच आहेत.

हशा झाला, पडदा वर गेला. पहिल्या अंकात रामोन विनाय, दुसऱ्यात कार्ल लीबल, तिसऱ्यात अल्बर्ट डा कोस्टा. एक चिलीचा, एक जर्मन, एक अमेरिकन. इझोल्ड तीच, आणि तिचा प्रियकर प्रत्येक मध्यंतरानंतर बदललेला.

ऑपेरावाल्यांमध्ये हा किस्सा गेली साठ-पासष्ट वर्षं सांगितला जातो, आणि तो विनोद म्हणूनच सांगितला जातो. आज आपण तो जरा गंभीरपणे घेणार आहोत. एकाच भूमिकेसाठी तीन माणसं एका शहरात तयार असणं, आणि त्यांनी आयत्या वेळी एकमेकांच्या जागी उभं राहणं, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी शक्यच नव्हती. ती शक्य झाली त्यामागे बरंच काही आहे, आणि त्याची सुरुवात एका मृत्यूपासून होते.

वाग्नरने 'ट्रिस्टन' 1859 साली लिहून पूर्ण केला. त्यानंतर सहा वर्षं तो रंगमंचावर आला नाही. व्हिएन्नाच्या राजदरबारी ऑपेराने तो हाती घेतला, सत्तरहून अधिक तालमी झाल्या. आपल्याकडे एखाद्या नाटकाच्या तीस तालमी झाल्या की निर्माता हिशोबाची वही काढून बसतो, आणि इथे सत्तर. ट्रिस्टनची भूमिका आलोइस आंडर या गायकाकडे होती. त्याचा आवाज त्या भूमिकेपुढे टिकेना. पुढे त्याची प्रकृतीच ढासळली, आणि डिसेंबर 1864 मध्ये तो वारला. त्याआधीच व्हिएन्नाने नाद सोडला होता. हे काम गाता येण्यासारखंच नाही, असा बोलबाला झाला.

त्याच वर्षी बव्हेरियाच्या गादीवर अठरा वर्षांचा लुडविग दुसरा आला आणि त्याने वाग्नरला म्युनिकला बोलावून घेतलं. ट्रिस्टन म्हणून निवड झाली लुडविग श्नोर फॉन कारोल्सफेल्ड याची, आणि इझोल्ड त्याची बायको मालविना. श्नोर अंगाने इतका स्थूल होता की वाग्नरला पूर्वी त्याला भेटावंसंच वाटत नव्हतं. नायक म्हणून कसा दिसेल हा? मग एकदा त्याला ऐकलं आणि शंका संपली.

पहिल्या प्रयोगाची तारीख ठरली 15 मे 1865. युरोपभरातून रसिक म्युनिकला येऊन उतरले. आणि त्याच दिवशी मालविनाचा गळा बसला. त्याच दिवशी वाग्नरच्या दारात एका जुन्या कर्जापायी बेलिफही येऊन उभे राहिले, पैसे राजाच्या खजिन्यातून भरावे लागले, पण तो दुसरा विषय. इझोल्डला आवाज नाही म्हटल्यावर काय करायचं? करण्यासारखं काहीच नव्हतं. ही भूमिका पाठ असलेली दुसरी बाई आसपास नव्हती. प्रयोग रद्द. आलेल्या लोकांपैकी ज्यांना शक्य होतं ते थांबले, बाकीचे परत गेले. मालविना हवापालटाला गेली, बरी झाली, आणि 10 जूनला पडदा वर गेला. हान्स फॉन ब्यूलो कंडक्टर. जून आणि जुलै मिळून चार प्रयोग झाले.

21 जुलैला, चौथ्या प्रयोगानंतर तीन आठवड्यांच्या आत, श्नोर ड्रेस्डेनमध्ये वारला. वय 29.

नेमकं कशाने, यावर आजही एकमत नाही. पण त्या काळच्या लोकांचं निदान पक्कं होतं: ट्रिस्टनने त्याला मारलं. तिसऱ्या अंकात घामाने भिजलेला गायक रंगमंचावर पडून राहतो आणि तिथे थंड हवेचा झोत येतो, अशी त्याची तक्रार होती म्हणतात. वाग्नरनेही ही सल आयुष्यभर बाळगली. वैद्यकशास्त्र काहीही म्हणो, परिणाम असा झाला की पुढची चार वर्षं 'ट्रिस्टन' कुठेही झाला नाही. 1869 मध्ये म्युनिकलाच पुन्हा उभा राहिला, हाइनरिश आणि तेरेझे फोगल या दुसऱ्या एका नवराबायकोच्या जोडीमुळे. त्यानंतर कितीतरी काळ ही जोडी म्हणजेच 'ट्रिस्टन', असं समीकरण होतं. त्यांना ताप आला की ऑपेरा बंद.

या भूमिकेत असं आहे तरी काय? पहिल्या अंकात ट्रिस्टन बराच वेळ गप्प असतो, त्याचं गाणं उशिरा सुरू होतं. दुसऱ्या अंकात प्रेमिकांचं ते प्रसिद्ध दीर्घ युगुलगीत. आणि तिसऱ्या अंकात जखमी ट्रिस्टन वातात बडबडतो. ही बडबड जवळजवळ त्याची एकट्याची आणि बराच वेळ चालते, समोर मोठा वाद्यवृंद, माईक नाही. सबंध ऑपेरा मध्यंतरं धरून पाच तासांच्या आसपास जातो. एखाद्या ख्यालगायकाला चार तास मैफल रंगवून झाल्यावर सर्वांत चढी तान शेवटी घ्यायला सांगावी, तसं हे आहे. फरक इतकाच की ख्यालगायक स्वतःच्या गळ्याचा अंदाज घेऊन सूर, लय, विस्तार ठरवू शकतो. ट्रिस्टनला ती सवलत नाही. जे लिहिलंय तेच, तितकंच आणि त्याच पट्टीत.

बाय द वे, ही भूमिका गाणाऱ्यांवरच संकट येतं असंही नाही. 1911 मध्ये म्युनिकला 'ट्रिस्टन'च्या दुसऱ्या अंकात कंडक्टर फेलिक्स मोटल कोसळले आणि काही दिवसांनी वारले. 1968 मध्ये त्याच शहरात, त्याच ऑपेराच्या वेळी योझेफ काइलबेर्थ कोसळले, ते तिथेच गेले. यावरून शापाच्या गोष्टी रचल्या जातात. आपण त्या रचू नये. हे काम दमवणारं आहे, एवढा निष्कर्ष पुरे.

1911 म्हटलं की आपल्याला दुसरी एक रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. 12 मार्च 1911, मुंबई, किर्लोस्कर नाटक मंडळी, खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, लहान मुलगी वारली होती. ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट आपण लहानपणापासून निष्ठेची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण इतिहास शिकणाऱ्याने एक कोरडा प्रश्न विचारायला हवा: त्यांच्या जागी दुसरं कुणी का उभं राहू शकत नव्हतं?

आमचं उत्तर असं आहे. गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमान'च्या पदांना चाली दिल्या, पण पद म्हणजे काही नुसती चाल नव्हे. ते किती खुलवायचं, कुठे थांबायचं, वन्समोअर आला तर दुसऱ्यांदा कोणत्या अंगाने जायचं, हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते नारायणरावांच्या गळ्यात होतं. दुसऱ्याला चाल पाठ असती तरी प्रेक्षकाने ज्यासाठी पैसे मोजले ते त्याला मिळालं नसतं. ऑपेरात उलट आहे. तिथे सगळं कागदावर आहे. तत्त्वतः ज्याला तो कागद वाचता येतो आणि ज्याच्यापाशी तेवढा गळा आहे, त्याने उभं राहावं. मग म्युनिकमध्ये 1865 साली कागद असूनही प्रयोग का रद्द झाला? कारण कागद होता, पण तो पाठ असलेली माणसं तयार व्हायची होती. त्याला काळ जावा लागला.

किती काळ, आणि कशामुळे? रेल्वे, तार, पुढे टेलिफोन आणि विमान, ही उत्तरं सगळ्यांना सुचतात. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती भाषा. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धातही ऑपेरा बहुतेक ठिकाणी त्या-त्या देशाच्या भाषेत गायला जाई. टोस्कानिनीने 1900 च्या डिसेंबरात मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात 'ट्रिस्टन' केला तो इटालियनमध्ये. मारिया कॅलासने तरुणपणी व्हेनिसला इझोल्ड गायली तीही इटालियनमध्येच. आता समजा मिलानचा ट्रिस्टन आजारी पडला आणि बर्लिनहून एक जण आला. तो जर्मनमध्ये गाणार, बाकीचे इटालियनमध्ये. असे प्रयोग झालेले आहेत, लोक ते सहनही करत. पण आदर्श व्यवस्था ती नव्हे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठमोठी नाट्यगृहं मूळ भाषेकडे वळली. म्हणायला हा कलेच्या शुद्धतेचा आग्रह होता, पण त्यातून एक व्यावहारिक गोष्ट आपोआप साधली. व्हिएन्नाचा ट्रिस्टन न्यूयॉर्कला चालू लागला, न्यूयॉर्कचा लंडनला. एका भूमिकेची माणसं जगभर विखुरलेली, पण सगळ्यांची संहिता तीच.

याच्या जोडीला 'कव्हर' नावाची व्यवस्था आली. मराठी रंगभूमीवर आपण रिप्लेसमेंट म्हणतो, पण आपली रिप्लेसमेंट बहुधा मूळ नट नाटक सोडून गेल्यावर येते. कव्हर तसा नसतो. मूळ गायक धडधाकट असतानाच दुसरा एक जण तीच भूमिका तयार ठेवून बसलेला असतो. प्रयोगाच्या रात्री त्याने फोन जवळ ठेवायचा आणि हाकेच्या अंतरावर राहायचं. गायला लागो न लागो, त्याला पैसे मिळतात. महिनोन् महिने अशी नोकरी करून एकदाही पडद्यावर न आलेले गायक असतात. नाही, पडद्यावर नव्हे, पडद्यासमोर. सिनेमाची सवय लागलेली जीभ आहे, माफ करा.

आयत्या वेळच्या बदलाच्या ज्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात त्या बहुतेक सगळ्या परीकथा असतात. 1949 च्या जानेवारीत व्हेनिसला कॅलास वाग्नरची ब्रुनहिल्ड गात असताना अचानक बेल्लिनीच्या 'पुरितानी'त उभी राहते आणि तिचं नशीब पालटतं. 1968 मध्ये फ्रँको कोरेल्लीच्या जागी प्लासिडो डोमिंगो मेटमध्ये पदार्पण करतो. खऱ्या आहेत दोन्ही. पण या गोष्टी फक्त जिंकणाऱ्यांच्या आहेत. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या वाट्याला जे येतं ते बहुतेक वेळा कार्यक्रमपत्रिकेत घातलेली एक चिठ्ठी असते: अमुक यांच्या प्रकृतीमुळे आज तमुक गातील. पैसे परत मिळत नाहीत. तिकिटाच्या अटींत तसं छापलेलंच असतं, की कलाकार बदलण्याचा हक्क संस्थेकडे राखीव. म्हणजे कायद्याच्या भाषेत तुम्ही 'ट्रिस्टन' विकत घेतला होता, निल्सन नव्हे. 1959 च्या प्रेक्षकांनी जे कण्हून दाखवलं ते याच्या अगदी उलट होतं.

आता 2008 चा मार्च. पुन्हा मेट, पण नवीन इमारतीत, पुन्हा 'ट्रिस्टन', कंडक्टर जेम्स लिव्हाइन. जाहिरात बेन हेपनर आणि डेबोरा व्हॉइट या जोडीची, सहा प्रयोग. हेपनर आजारी पडला, 10 तारखेला जॉन मॅक मास्टर उभा राहिला. 14 तारखेला गॅरी लेमन नावाचा गायक आला, मेटमधलं त्याचं पहिलंच पाऊल. दुसऱ्या अंकात युगुलगीत चालू असताना व्हॉइटच्या पोटात कालवाकालव झाली आणि ती सरळ आत निघून गेली. पडदा पाडला. थोड्या वेळाने पडदा वर गेला तेव्हा इझोल्डच्या जागी जॅनिस बेअर्ड होती, तिचाही मेटमधला पहिलाच दिवस. म्हणजे जगातलं सर्वांत कसोटीचं युगुलगीत मधूनच उचलून पुढे न्यायचं, आणि दोन्ही बाजूंना नवखी माणसं. ते त्यांनी पार पाडलं.

18 तारखेला तर तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला जखमी ट्रिस्टनची शय्या उतरत्या रंगमंचावरून घसरली आणि लेमन तिच्यासकट प्रॉम्प्टरच्या खोपटापर्यंत जाऊन आदळला. प्रयोग थांबला, त्याला तपासलं, आणि तो पुढे गायला. 22 तारखेला हा ऑपेरा जगभरच्या चित्रपटगृहांत थेट दाखवायचा होता. त्या दिवशीचा ट्रिस्टन तिसराच, युरोपातून आलेला रॉबर्ट डीन स्मिथ. 25 ला हेपनर परतला, तर इझोल्ड म्हणून पुन्हा बेअर्ड. ज्या जोडीसाठी लोकांनी तिकिटं काढली होती ती एकत्र उभी राहिली 28 मार्चला. सहापैकी एकदा.

1865 ला एक गळा बसला आणि सगळंच थांबलं. 2008 ला ट्रिस्टन चार झाले, इझोल्डा दोन झाल्या, तरी सहाच्या सहा प्रयोग झाले. व्यवस्था म्हणून हे यश आहे, आणि ते कुणी नाकारू नये. पण यात एक खोच आहे, आणि ती बिंग यांच्या विनोदातच दडलेली आहे. 'डॉक्टरांचा सल्ला मोडून.' प्रेक्षक हसले ते या वाक्यानंतर. श्नोरच्या मृत्यूपासून ऑपेरावाले काही शिकले असतील तर ते हेच असायला हवं होतं की आजारी माणसाला ट्रिस्टन गायला लावू नये. कव्हरची सगळी व्यवस्था त्यासाठीच तर आहे. त्या रात्री मूळ गायक आजारी, त्याच्या जागचा आजारी, त्याच्याही जागचा आजारी. व्यवस्था तळापर्यंत संपली होती. 1865 ची म्युनिकची परिस्थिती न्यूयॉर्कमध्ये पुन्हा आली होती.

आणि तरी बिंग यांनी प्रयोग रद्द केला नाही. का? निल्सन. पहिल्या पानावर झळकलेली गायिका तयार आहे, नाट्यगृह भरलेलं आहे. इथे आम्हाला 'मानापमान'ची रात्र आणि ही रात्र फार लांब वाटत नाहीत. कागदावर लिहिलेलं संगीत असो की गळ्यात असलेलं, शेवटी पडदा वर जायचा की नाही हे एका माणसाच्या नावावर ठरतं, आणि बाकीच्यांनी आपापल्या परीने ओझं उचलायचं असतं.

पण ओझं त्यांनी वाटून घेतलं, हे मात्र 1865 ला कुणाला सुचलं नव्हतं. एका आजारी माणसाने पाच तास उभं राहणं आणि तीन आजारी माणसांनी एकेक अंक सांभाळणं यात फार फरक आहे. त्या काळी मेटमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या अंकात काटछाटही करत, तेवढाच दिलासा. विनायच्या वाट्याला पहिला अंक आला. तो मूळचा बॅरिटोन, पुढे टेनर झाला, बायरॉइटला ट्रिस्टन गाजवलेला, आणि 1959 नंतर थोड्याच वर्षांत पुन्हा बॅरिटोनकडे परतला. थकलेल्या गळ्याला ट्रिस्टनचे तीन अंक काय मागतात हे त्याला चांगलं ठाऊक असणार. वातातली बडबड, म्हणजे श्नोर जिथे थंड झोताची तक्रार करत पडला होता तो अंक, डा कोस्टाकडे गेला. तिघेही त्यातून धडपणे बाहेर पडले.

मेटची प्रयोगांची नोंद आता इंटरनेटवर आहे, कुणालाही उघडून बघता येते. 28 डिसेंबर 1959 काढा. इझोल्डपुढे एक नाव आहे. ट्रिस्टनपुढे तीन, आणि प्रत्येकापुढे त्याच्या अंकाचा आकडा.